खिडक्या उघड्या राहण्याबाबत

अनिसाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. एरवी ही काही मोठी गोष्ट नाही, पत्रांना उत्तरं देतो कोण हल्ली? पण आमच्या पेठेत माझी जी थोडीफार ओळख आहे ती एवढ्याचसाठी, की चन्नवीरअण्णांना पत्र टाकलं की उत्तर येतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. पुस्तक परत करायची आठवण मी पोस्टकार्डानं करतो, समोरच्या घरातल्या वाचकालासुद्धा. तोंडावर मागायला मला जमत नाही, फोनवर तर त्याहून नाही. लोक हसतात, पण पुस्तकं आणून देतात.

अनिसा इनामदार वाचनालयाशेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा आणि आम्ही यांच्यामध्ये फक्त एक बोळ आहे. तरी त्यांनी पत्र पोस्टानं पाठवलं होतं, पाकिटावर पिनकोडसकट सगळा पत्ता घालून. माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

मजकूर साधा होता. दुसरी लाट ओसरली आहे, शहरात आठवीपासूनचे वर्ग सुरू करायला परवानगी आली आहे. शाळा भरते ती जुन्या यंत्रमागाच्या शेडात. पुढच्या भागाला खिडक्या आहेत, तिथं नववी आणि दहावी बसतील. आठवीची जागा मागच्या भागात, आणि तिथं एकही खिडकी नाही. 'हा आजार हवेतून पसरतो. मुलांना तिथं कोंडणं मला पटत नाही. आपल्या सभागृहाला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत आणि सकाळी वाचनालय बंद असतं. आठवीसाठी ते मिळावं. लेखी संमती लागेल, ती फाइलला लावायची आहे.' शेवटी एक ओळ होती: 'नाही म्हणायचं असेल तरी कळवावं, म्हणजे मी दुसरं काही बघेन.'

मी उत्तरं लिहिली, नाही असं नाही. पुष्कळ लिहिली. एकात म्हटलं की सभागृहाच्या खिडक्या उघडल्या तर शेजारच्या कारखान्यांतली कापसाची लव पुस्तकांवर बसते, म्हणून त्या कित्येक वर्षं बंदच आहेत. ते खरं होतं. दुसऱ्यात म्हटलं की आमचं घर सभागृहाला लागूनच आहे, मध्ये एक दार, आणि माझी पत्नी मायाक्का एप्रिलमध्ये ऑक्सिजनवर होती. अजून तिला चार पावलं चाललं की थांबावं लागतं. तेही खरं. तिसऱ्यात लिहिलं की मुलांच्या आरोग्याबाबत मत देण्याचा मला अधिकार नाही. हे तर सर्वांत खरं. पण तिन्ही वाचून पाहिली की वाटायचं, हा माणूस काहीतरी लपवतोय. मग कागद फाडायचा. वाचनालयाचे अध्यक्ष मुलाकडे पुण्याला असतात. ते म्हणाले, तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही. म्हणजे सही माझी. उद्या एखादं मूल आजारी पडलं, तर त्या फाइलमध्ये नाव माझं.

मधल्या काळात शाळा सुरू झाली. नववी-दहावीची मुलं मास्क लावून बोळातून जाऊ लागली. आठवी घरीच होती. अनिसाबाई दोनदा रस्त्यात भेटल्या. मायाक्काच्या तब्येतीची चौकशी केली, पत्राचं नावही काढलं नाही. त्यामुळे मला जास्तच कानकोंडं झालं. मी बाजारात जायची वेळ बदलली.

त्या आठवड्यात गुरुवारी विठाबाई आली. मागच्या वस्तीत राहते, गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं काज-बटणाचं काम घरी आणून करते. तिची मुलगी दीक्षा आठवीतली, आमची वाचक. तिला कधी पोस्टकार्ड टाकावं लागलं नाही, इतकी ती भराभर वाचते. विठाबाईनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक उंबऱ्याबाहेरूनच पुढं केलं.

"अण्णा, हे जमा करून घ्या. दीक्षाला आता वाचायला येळ न्हाय."

राहू दे, सवडीनं वाचेल, असं मी म्हणालो.

"कसली सवड? कारखान्यावरनं गठ्ठ्यावर गठ्ठे यायलेत. शाळा उघडायल्यात न्हवं सगळीकडं, सगळ्यांना नवीन डिरेस पायजे. दीड वर्स हाताला काम न्हवतं. आता मालक म्हंतोय पोरीलाबी कायमची लावा."

मी पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवलं. परत आलेली पुस्तकं काही दिवस तिथं वेगळी ठेवायची, असा नियम मी पहिल्या लाटेत केला होता. कागदावरून हा आजार फारसा पसरत नाही हे नंतर वाचलं, पण नियम मोडायचा धीर झाला नाही. विठाबाई टोपलीकडं बघून हसत म्हणाली, "हे अजून चालू हाय व्हय?" आणि मग हसायची थांबली.

"शाळेला मी न्हाय म्हणत न्हाय, अण्णा. पर बाईंनी संमतीचा कागद दिलाय, त्याच्यावर मी त्या मागच्या शेडासाठी सही करणार न्हाय. माझा भाऊ सिद्धांत एप्रिलात गेला. दवाखान्यात साफसफाईला होता. असल्याच बंद खोलीत त्याची ड्यूटी. बाई म्हणाल्या वाचनालयाचं बगतोय. तितं असंल तर पाठवते पोरीला. तुमचं काय ठरलं म्हनं?"

"विचार चालू आहे," मी म्हणालो.

"करा की. मला शनवारी मालकाला सांगायचंय, पोरगी येणार का न्हाय ते."

ती गेली. मी टोपलीजवळ उभा राहिलो. संमतीच्या कागदावर विठाबाईची सही नव्हती आणि माझ्या कागदावर माझी. तिनं निदान कारण तरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. कशासाठी गेलो ते सांगतो. मला वाटत होतं की शाळेत जागा निघेल. नववी-दहावीची मुलं जरा सरकवली, एक दिवसाआड बोलावली, तर पुढच्या भागात आठवीही मावेल. तसं डोळ्यांनी बघून लिहिलं तर माझं 'नाही' सभ्य दिसेल. फाटकात शिपाई सिद्धप्पा होता. त्यानं माझ्या मनगटावर ताप बघायची बंदूक धरली आणि आकडा न बघताच आत सोडलं. अनिसाबाईंना आश्चर्य वाटलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही. दहावीच्या वर्गात मागं एक खुर्ची दिली.

वर्ग नीट होता. एका बाकावर एक मूल, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या कारखान्यातून मागांची खटखट येत होती आणि तिच्यावर आवाज चढवून सर भूमिती शिकवत होते. वाऱ्याची एक झुळूक आली. खिडकीजवळची मुलगी उठली, तिनं खिडकी लावली, खाली बसली आणि आकृती पुढं काढू लागली. सरांनी जाऊन खिडकी उघडली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूचा एक मुलगा उठला. त्यानंही फळ्यावरची नजर न काढता झडप ओढून घेतली. मग आणखी एक. मी बघत राहिलो. शेवटी सरांनीच फळ्याजवळची खिडकी बंद केली आणि खडू उचलला. आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. तास संपायच्या आत सगळा वर्ग बंद झाला होता आणि कुणीही कुणाला 'खिडकी लाव' म्हटलं नव्हतं.

अनिसाबाई दारात उभ्या होत्या. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "रोज हेच. मी उघडत फिरते, मागं ही लावत येतात. रागावू कुणावर? सगळी मागवाल्यांची मुलं. घरी वारा आला की धागा तुटतो, आणि धागा तुटला की वडील पाठीत घालतात. ह्यांचे हात चालायला लागल्यापासून खिडकी लावतायत."

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील वळसंगला हातमागावर बसायचे. कोरडा वारा आत आला की ताण्याचे धागे पटापट तुटतात, म्हणून दारं-खिडक्या बंद आणि जमिनीवर पाण्याचा शिडकावा. आमच्या घरात उजेड यायचा तो फक्त कौलातल्या काचेतून.

सिद्धप्पानं मागचा भाग उघडून दिवा लावला. तिथं आठवीची सगळी तयारी होती. अंतर ठेवून बाक मांडलेले, कुणी कुठं बसायचं त्याच्या जमिनीवर खडूनं केलेल्या फुल्या, भिंतीवर हात धुवायचं चित्र. आणि कोंदट दमट वास. मी दोन मिनिटं उभा राहिलो तर चष्म्यावर वाफ आली. एक दिवसाआडची तोड बाईंनी माझ्याआधीच काढली होती. तसं करूनही ही मुलं इथंच बसणार होती. माझं सभ्य 'नाही' तिथंच संपलं.

निघताना अनिसाबाई फाटकापर्यंत आल्या. "अण्णा, उत्तर 'नाही' असलं तरी मला राग नाही. पण उत्तर द्या. उत्तर येत नाही तोवर मी दुसरीकडं जागाही मागू शकत नाही."

घरी आलो तेव्हा मायाक्का पलंगावर बसून, मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलत होती. शाळेत काय पाहिलं ते मी तिला सांगू लागलो. बोलता बोलता वारा आला. ती कन्नडमध्ये म्हणाली, "लावलीत पुन्हा?"

माझा हात तिच्या डोक्यामागच्या खिडकीवर होता. डॉक्टरांनी ती दिवसभर उघडी ठेवायला सांगितली होती. त्या सूचनेचा कागद मीच भिंतीला चिकटवला होता.

"मी काय धागा आहे, वाऱ्यानं तुटायला?" ती म्हणाली.

मी खिडकी उघडली. मग, का कोण जाणे, चिडून म्हणालो की तिच्याचसाठी तर मी सभागृह द्यायला कचरतोय. पलीकडं एवढी मुलं येणार, मधे एक दार, आणि तिची छाती ही अशी.

मायाक्कानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. दम घेत घेत बोलली, पण सगळं बोलली. "बाईंनी पत्र मला लिहिलं होतं का? मला विचारलंत का एकदा तरी? मुलं सकाळी येणार, सकाळी मी मागच्या अंगणात उन्हाला असते. मधलं दार लावून घ्या. माझ्या लशी झाल्यात, तुमच्या झाल्यात. तुम्हाला पुस्तकांची काळजी वाटते तर तसं लिहा. भीती वाटते तर तसं लिहा. माझ्या छातीवर ढकलू नका."

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली की शेंगांत किडक्याच जास्त आहेत, दुकानदाराला तरी तोंडानं सांगून या.

मी सभागृहात गेलो. खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. तेल सोडून, धक्के देऊन एकेक उघडली. इतक्या वर्षांनी हवा ह्या टोकाकडून त्या टोकाला गेली. जुन्या कागदांचा वास हलला. मी टेबलाशी बसून 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि होकार लिहायला घेतला. पुढं काय घालावं ह्याचा विचार करत होतो. वारा जोरात आला, कागद उडाला. तो उचलायला म्हणून उठलो आणि भानावर आलो तेव्हा मी तिसऱ्या खिडकीशी होतो. दोन लावून झाल्या होत्या. कडी माझ्या हातात होती.

मी तिथंच बाकावर बसलो. ह्या आजाराबद्दल वर्तमानपत्रांत आलेली सगळी कात्रणं माझ्याकडं वहीत चिकटवलेली आहेत. हवा खेळती ठेवा, हवा खेळती ठेवा, असं मी जवळजवळ पाठ केलेलं. माझा हात ऐकत नाही तर आठवीची पोरं काय ऐकणार? दोन दिवसांत हे सभागृहही त्या शेडासारखं होईल. मुलं बंद खोलीतच बसतील, फक्त माझ्या सहीनं. म्हणजे होकार देणं हे खोटं बोलणं झालं. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लगेच लाज वाटली. इतकं चांगलं कारण मला आजवर सापडलं नव्हतं. नकार लिहून काढला. छान उतरला होता. पाकिटात घातला, तिकीट लावलं.

आणि पाकीट घेऊन सभागृहात येरझाऱ्या घालत राहिलो. उद्या शनिवार. विठाबाई मालकाकडे जाणार. आज नाही तर मग कधीच नाही, हे कळत होतं. एकदा हाताला रोजचं काम लागलं की मूल शाळेत परत येत नाही. कॉलेजात असताना असे किती वाचक मी कार्डांच्या कपाटातून गळताना पाहिले होते. खिडकीशी गेलो, परत आलो. झडप हातानं मागं-पुढं केली. बिजागरी कुरकुरली. तिच्या स्क्रूंवर गंज होता, पण खाचा अजून शाबूत होत्या.

हाताला सवय आहे ना? मग हाताला लावायला काही ठेवायचंच नाही.

बोळातून मी सिद्धप्पाला हाक मारली. माझा आवाज एवढा मोठा निघाला की तो घाबरून धावत आला, मायाक्काला काही झालं की काय म्हणून. काय करायचं ते ऐकून म्हणाला, "अण्णा, ताप तर न्हाय ना तुमाला? बंदूक आणू का?" तरी तो पेचकस आणि हातोडी घेऊन आला. काम करता करता त्याची बडबड चालू होती. चोर येतील. गज आहेत, मी म्हणालो. मांजरं येतील. येऊ देत. "पुस्तकं भिजतील की ओ."

"काही भिजतील," मी म्हणालो. खिडक्यांजवळच्या मांडण्या आम्ही ओढून मधल्या भिंतीला लावल्या. उरलेल्यांवर घालायला मायाक्कानं जुन्या साड्या काढून दिल्या. झडपा निघाल्या त्या एकावर एक रचून आमच्या पलंगाखाली गेल्या. तिसऱ्या प्रहरापर्यंत सभागृहाला नुसती भगदाडं राहिली. उजेडात ते मला ओळखू येईना. भिंतीचा रंग किती उडाला होता, ते आत्ता दिसलं.

विठाबाई डोक्यावर गणवेशांचा गठ्ठा घेऊन रस्त्यानं चालली होती. थांबली. "हे काय मोडलं म्हनं?"

मला उत्तर लिहून द्यावंसं वाटलं. पण ती समोर उभी होती. मी गजांजवळ गेलो आणि म्हणालो, "मोडलं नाही, काढलंय. आठवीसाठी. आता कुणी खिडकी लावू शकणार नाही."

तिनं गठ्ठा कट्ट्यावर ठेवला. गजांतून हात आत घातला आणि तसाच थोडा वेळ धरला, आतली हवा हाताला लागते का बघितल्यासारखा. समोरच्या खिडकीतून पलीकडचा बोळ दिसत होता.

"पाऊस आला तर?"

"सुट्टी."

"आन थंडीत?"

"स्वेटर घालून पाठवा. मास्क मात्र रोज. वर्ग अर्धा अर्धा येणार, एक दिवसाआड. घरात कुणाला खोकला असला तर पाठवायचं नाही."

"आन तुमच्या पुस्तकाचं?"

"बघू."

विठाबाईनं हात बाहेर काढला. गठ्ठा पुन्हा डोक्यावर घेताना म्हणाली, "मग मालकाला सांगते, पोरगी न्हाय येणार. बटणं काय, मी लावते जास्तीची. पर तुमी कागद द्या हां, अण्णा. बाई म्हणाल्यात, तुमच्या कागदाबिगर वर्ग भरत न्हाय."

मी नकाराचं पाकीट फोडून कागद काढला आणि फाडला. दुसरा घेतला. तो असा होता:

'अनिसाबाई यांस, स. न. वि. वि. आपल्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. वाचनालयाचं सभागृह आठवीच्या वर्गास रोज सकाळी वापरण्यास संमती आहे. अटी: झडपा काढल्या आहेत, त्या वर्ग चालू असेतो परत बसवू नयेत, कुणीही मागणी केली तरी, मी केली तरी. मुलांनी बोळाच्या दारानं यावं, घराकडचं दार बंद राहील. पाऊस असल्यास वर्ग भरवू नये. एवढं करून मुलं सुरक्षित राहतील असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. मला तसं कळत नाही. मागच्या शेडापेक्षा इथं बरं, एवढं मात्र वाटतं. आपला, चन्नवीर.'

शेवटची वाक्यं काढावीत का ह्यावर मी बराच वेळ घालवला. सरकारी फाइलला असलं कुणी लावत नाही. मग तशीच ठेवली.

सिद्धप्पा अजून अंगणात चहा पीत होता. म्हणाला, "द्या इकडं, बाई हायत अजून शाळेत. हातोहात देतो." त्याचं बरोबर होतं. बोळ ओलांडायचा प्रश्न. पण हातात दिलेलं पत्र परत मागता येतं. मी स्वतःला ओळखतो, फाटकापर्यंत त्याच्या मागं पळालो असतो. मी त्याला म्हटलं की बाईंना तोंडी एवढंच सांग, पत्र निघालंय, वर्ग भरवायची तयारी करा.

चौकातल्या टपालपेटीपाशी पोहोचेपर्यंत मी दोनदा थांबलो. एकदा पावसाचे ढग आलेत का बघायला, एकदा उगीचच. एक मूल खोकलं तर काय, हा विचार बरोबर चालत आला होता, आणि तो पेटीत टाकता येण्यासारखा नव्हता. पेटीशेजारच्या पाटीवरच्या वेळेप्रमाणे टपालाची शेवटची उचल अजून व्हायची होती. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबलं. आणि पत्र आत सोडलं.